हिरवी पट्टी

भिकाजी धुरी लोखंडाची तब्येत कानाने ओळखतो, असं इन्सुलीच्या काचधाग्याच्या कारखान्यात सगळे म्हणत. भिकाजीने ते कधी नाकारलं नाही. नाकारायचं तरी कशाला? छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात माणसाच्या वाट्याला एक बरं विशेषण येतं, ते त्याने जपून वापरावं. हातात वीतभर दांड्याची छोटी हातोडी घेऊन तो परांचीवरून चालत जाई, पत्र्यावर एक हलकी टकटक करी, मान तिरकी करून ऐके आणि सांगे, "हंयसर पत्रो पातळ झालो." मोजणीचं यंत्र लावून बघितलं की पत्रा खरोखर पातळ निघे.

ही विद्या त्याने गोव्यात बार्जच्या यार्डात मिळवली होती. तिथे अकरा वर्षं खाऱ्या पाण्याने खाल्लेले पत्रे बदलण्यात गेली. मग गावाजवळ हा कारखाना निघाला आणि भिकाजी घरी परतला. इथे खारं पाणी नव्हतं, पण लोखंड खाणारं दुसरं काहीतरी होतं.

काच वितळवायची, तिचे केसाहून बारीक धागे ओढायचे, धाग्यांची चटई करायची, असा हा धंदा. मालवणला फायबरच्या होड्या बांधतात, त्यात ही चटई जाते, म्हणून भिकाजी किनाऱ्यावर गेला की परक्याच्या होडीवरसुद्धा आपली असल्यासारखा हात फिरवी. पण काच वितळवणाऱ्या भट्टीचा धूर वाईट. त्याच्या पोटात आम्ल असतं. धूर गरम आहे तोवर ते वाफ होऊन मुकाट्याने चिमणीतून निघून जातं. धूर थंड झाला की तेच आम्ल पत्र्याला आतून घाम फुटावा तसं सुटतं आणि लोखंड खायला बसतं. धूर वाहून नेणाऱ्या मोठ्या चौकोनी डक्टमध्ये नळ्यांची एक पेटी होती. धुरातली उष्णता परत भट्टीला देणाऱ्या शेकडो नळ्या. सगळ्यांत महाग तीच आणि सगळ्यांत नाजूकही तीच.

वर्षातून एकदा तो डक्ट बंद करून धुवावा लागे. केव्हा? चवथीच्या आधी. सिंधुदुर्गात गणपतीच्या दिवसांत कारखाना चालू ठेवायचा प्रयत्न पुण्याच्या मालकांनी पहिल्या वर्षी करून पाहिला होता. त्या दिवशी हजेरीपटावर एकटा वॉचमन लवू होता, आणि तोही नारळ मागायला आला होता. तेव्हापासून चवथीला भट्टी नुसती धगधगत ठेवायची, तिचा धूर दुसऱ्या वाटेने सोडायचा आणि रिकामा झालेला डक्ट धुऊन घ्यायचा, असा नेम पडला.

हे धुणं साध्या पाण्याचं नव्हे. आत साचलेली पूड कोरडी असते तोवर निजलेली असते. साधं पाणी लागलं की तिच्यातलं आम्ल जागं होतं. म्हणून धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी मारायचं, खाली येणारं पाणी कागदाच्या पट्टीने तपासायचं. पट्टी लाल झाली की आम्ल अजून आहे, पुन्हा धुवा. हिरवी झाली की झालं. मग सहा तास गरम हवा सोडून डक्ट कोरडा करायचा आणि झाकण लावायचं. ती हिरवी पट्टी रजिस्टरात चिकटवून शेजारी सही करायची.

पट्टीचा हा नियम नम्रताचा. खारेपाटणची ही मुलगी चार वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागली, तीही दर वर्षी मुदत वाढवून मिळणाऱ्या करारावर. त्याआधी पाणी स्वच्छ दिसलं की भिकाजी "झाला" म्हणे आणि सगळे घरी जात. कागदाचा कपटा आपल्या डोळ्यांची परीक्षा घेणार म्हटल्यावर भिकाजीने तोंड वाकडं केलं. पण नम्रता हुशार. ती हातोडी शिकायला आली. तीन दिवस परांचीवर त्याच्या शेजारी बसून तिने आवाज ऐकले, चुकली, हसली, पुन्हा ऐकले. तिसऱ्या दिवशी तिने एक पातळ जागा बरोबर सांगितली तेव्हा भिकाजीला आपल्याच लेकीने पहिला नंबर काढल्याचा आनंद झाला. त्या दिवसापासून ती त्याला काका म्हणू लागली. तो तिला चारचौघांत मॅडम म्हणे आणि एरवी बाय.

त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी काय घडलं ते आता सांगायला हवं. सांगताना भिकाजीची बाजू घ्यावी असं फार वाटतं, पण घेता येत नाही.

नम्रता आदल्या संध्याकाळीच खारेपाटणला गेली होती. जाताना म्हणाली, "काका, पट्टी हिरवी झाल्याशिवाय झाकण लावू नका हां. तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत जातेय." सकाळपासून धुणं चाललं. दोन धुणी झाली. अकराच्या सुमाराला भिकाजीने मोठ्या मनाने बाकीच्यांना सोडून दिलं. "जावा रे घराक, माटवी बांदूची आसत. मी बघतंय हंयचा." पोरं खूश होऊन गेली. मग त्याने पाण्यात पट्टी बुडवली. पट्टी लाल.

तिसरं धुणं करायला हवं होतं. सोडा विरघळवून पाणी तापवायचं म्हणजे दोन-अडीच तास आणि त्यापुढे सुकवायचे सहा. भिकाजीच्या डोळ्यांपुढे कवंडळं आली.

गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधतात, ती माटवी. धुऱ्यांच्या माटवीचा वाडीत लौकिक होता. कवंडळाची लालभडक फळं, हरणाची पिवळी फुलं, तेरडा, सुपारीचं शिपटं म्हणजे अख्खा घोस, सगळं भिकाजी स्वतः रानातून आणी. विकतचं सामान त्याला चालत नसे. पण मागच्या वर्षी शेजारच्या गंगारामने कुठूनशी मुठीएवढाली कवंडळं पैदा केली आणि लोक आरतीला धुऱ्यांकडे येऊन बोलले मात्र गंगारामच्या माटवीबद्दल. भिकाजीच्या ते वर्षभर जिव्हारी लागून राहिलं होतं. यंदा ओढ्यापलीकडची एक वेल त्याने हेरून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत थांबलं तर तिथे गंगाराम पोचणार हे उघड होतं.

देवाचंच काम आहे, असं भिकाजीने स्वतःला सांगितलं. खोटं सांगितलं. गंगारामचं नाक ठेचायचं होतं, एवढंच ते काम.

लाल पट्टी त्याने हातोडीच्या चामडी पाकिटात कोंबली. दुसरी कोरी पट्टी घेतली, हात धुवायच्या नळाखाली धरली. ती छान हिरवी झाली. रजिस्टरात चिकटवली, शेजारी वळणदार सही केली. अर्धा तास गरम हवा सोडली, झाकण लावलं आणि दुपारी दोनला तो ओढ्यापलीकडे होता.

माटवी अशी झाली की गंगाराम स्वतः म्हणाला, "भिकाजी, यंदा मानलंय तुका!" भिकाजीला त्या रात्री शांत झोप लागली. लाज तेव्हा आली नाही, हे नमूद करायला हवं. लाजेला यायला वेळ लागतो, आणि ती येते तेव्हा रिकाम्या हाताने येत नाही.

सुट्टी संपली, धूर पुन्हा डक्टमधून वाहू लागला. दहा-बारा दिवसांनी भिकाजी नेहमीप्रमाणे परांचीवरून टकटक करत चालला होता. नळ्यांच्या पेटीपाशी आवाज बदलला. कुजक्या फणसावर मारावं तसा थबकन. त्याने पुन्हा मारून पाहिलं. मग चोरासारखं इकडेतिकडे बघितलं आणि हातोडी पाकिटात घातली. कानाने कळणारा तो एकटाच होता आणि तो चार दिवस गप्प राहिला.

पाचव्या दिवशी लवूने बोंब मारली. लवू कानाने ठार नसला तरी निम्म्याहून जास्त बहिरा. त्याने ओली छत्री डक्टच्या खाली सुकत घातली होती, ऊब लागते म्हणून. उघडून बघतो तर छत्रीची चाळण. "माजी छत्री उंदरांनी खाल्ली!" असं ओरडत तो सगळ्यांना दाखवत फिरला. नम्रताने छत्रीवरच्या तपकिरी थेंबाला पट्टी लावली. ती रक्तासारखी लाल झाली. कोणाच्या अंगावर काही पडलं नाही, एवढंच नशीब.

पुण्याहून कौस्तुभसाहेब आले. मुख्य कचेरीतले इंजिनियर, पस्तिशीचे, बोलायला गोड आणि वागायला सरळ. पेटी उघडली. नळ्या आतून खाऊन गेल्या होत्या, काही तर बोटाने दाबल्या की मोडत होत्या. साहेबांनी रजिस्टर मागवलं. चवथीच्या आदल्या दिवसाचं पान काढलं. पट्टी हिरवी, सही भिकाजी धुरी.

"पट्टी हिरवी आहे," साहेब म्हणाले, "म्हणजे धुणं नियमाप्रमाणे झालंय. तरी लोखंड गेलं. मग नियमच चुकीचा असला पाहिजे. सोड्याचं प्रमाण कोणी ठरवलं?"

"मी," नम्रता म्हणाली.

"ही पट्टी धुणाऱ्याने नीट लावली असेल ना?"

भिकाजीने तोंड उघडलंही असतं, पण त्याच्या आधी नम्रता बोलली. तिचा आवाज चढला होता. "सर, ही पट्टी भिकाजीकाकांनी लावलीय. ती खोटी असूच शकत नाही. त्यांच्यावर संशय घेण्यापेक्षा माझं गणित चुकलं असं समजा."

भिकाजीने खाली बघितलं. आपल्या बुटांकडे इतकं निरखून त्याने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. त्या क्षणी लाज आली, आणि आली ती अशी की त्याला वाटलं, ह्या पोरीने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी तिचं म्हणणं तसंच धरलं. तिचा करार दसऱ्यानंतरच्या महिनाअखेरीस संपत होता, तो पुढे वाढवायचा नाही असं ठरलं. कोणी तिला टाकून बोललं नाही. नम्रता तर भांडलीसुद्धा नाही. तिने प्रयोगशाळेच्या खिडकीत काचेच्या बरण्यांची ओळ लावली. डक्टमधली पूड, वेगवेगळ्या प्रमाणातलं सोड्याचं पाणी आणि प्रत्येक बरणीत लोखंडाचे खिळे. रोज सकाळी ती खिळे काढून बघे. तिच्या प्रमाणाच्या बरणीतले खिळे नवेकोरे राहत. ती पुन्हा वहीत आकडेमोड करी, पुन्हा नवी बरणी मांडी. चूक सापडत नव्हती, कारण चूक बरणीत नव्हतीच. ती दारातून आत डोकावत उभी होती, हातात हातोडी घेऊन.

"काका," ती एकदा म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं लोखंड बघताय. तुम्हीच सांगा, माझं कुठे चुकलं?"

"माका काय कळता बाय," भिकाजी म्हणाला. "मी अडाणी माणूस."

हे वाक्य बोलून तो मागच्या बाजूला गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाला स्वतःला अडाणी म्हणू दिलं नाही, त्याने लपायला तीच जागा शोधली होती.

घरी सावित्रीने ओळखलं. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला नवऱ्याचं जेवण कमी झालेलं पानावर दिसतं. "पोटात दुखता काय? डॉक्टराक दाखवया," ती म्हणे. "कायएक नाय," म्हणून भिकाजी उठे. बोलायचं तो रोज ठरवी. रोज सकाळी दुचाकीवर बसताना वाक्य तयार असे आणि फाटकापाशी लवूने सलाम ठोकला की ते गिळलं जाई. नोकरीची भीती होती का? होती थोडी. पण खरी भीती वेगळी होती. नम्रता आपल्याकडे ज्या डोळ्यांनी बघते, ते डोळे बदलतील, ही.

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा असे. तिथे पहिलं गंध भिकाजीच्या हातोडीला लागे. त्यासाठी आदल्या दिवशी तो ती घरी नेई आणि सावित्री तेलाचा बोळा फिरवून तिला लखलखीत करी. तशी ती पडवीत बसून पुसत होती. पाकीट उलटं करून झटकलं तर आतून एक कपटा पडला.

"ह्यां तांबडां काय ओ?" तिने विचारलं.

भिकाजीने बघितलं. कोपऱ्याने फिकट झालेली, पण लाल ती लालच. टाकून दिली असं त्याला वाटत होतं. एवढे दिवस ती त्याच्या कमरेला होती.

"गो," तो म्हणाला, "मिया एका चेडवाचो घात केलंय." आणि तिथेच पायरीवर बसून त्याने नम्रताचं सगळं सांगितलं. कवंडळापासून छत्रीपर्यंत.

सावित्रीने ऐकून घेतलं. हातोडी पाकिटात घातली. मग म्हणाली, "माका सांगान काय होतला? नोकरी काय माजी जाणा नाय."

दसऱ्याला भट्टीपुढच्या जागेत केळीच्या पानावर हत्यारं मांडली होती. झेंडूच्या माळा, मधोमध नारळ. चाळीसेक माणसं गोळा झालेली. कौस्तुभसाहेब मुद्दाम थांबले होते. नम्रता मागे खांबापाशी उभी होती, तिचा हा इथला शेवटचा दसरा. गाऱ्हाणं घालायचा मान दरसाल भिकाजीचा. देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने बोलायचं आणि दर वाक्याला सगळ्यांनी होकार भरायचा. त्याचा आवाज खणखणीत, शब्द तोंडपाठ.

त्याने नारळ हातात घेतला. "बा देवा, ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तुजी लेकरां हंय तुज्या पायाशी गोळा झाली हत. ह्या भट्टीच्या आगीचो वरीसभर सांभाळ कर..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या वर्सा ह्या कारखान्याक जां काय इघ्न इला, त्येच्यात कोणाच्या हातान चूक झाली आसात..." इथे तो अडला. पुढचे शब्द ठरलेले होते, ती चूक पोटात घे म्हणायचं होतं. तो म्हणाला, "ती ह्या भिकाजीच्या हातान झाली म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" चाळीस गळ्यांनी साथ दिली.

कोणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. गाऱ्हाण्यात माणूस स्वतःकडे कमीपणा घेतोच, तसंच हे वाटलं सगळ्यांना. भिकाजीला एकदम सुटल्यासारखं झालं. देवाला सांगून झालं, चारचौघांत सांगून झालं, आता नारळ फोडला की संपलं. खोटं नाही बोललो, असं जन्मभर म्हणता आलं असतं. पण त्या होकारात मागून नम्रताचाही आवाज आला होता. काका देवापुढे आपल्यावर ओढून घेताहेत म्हणून तिचे डोळे भरले होते. ते बघितलं आणि भिकाजीला स्वतःची किळस आली.

"नाय!" तो ओरडला. "तशी चूक नाय म्हाराजा. चवथीच्या आदल्या दिसा पट्टी लाल इली होती. मिया ती लपवलंय. हात धुवच्या नळाखाली दुसरी धरलंय आणि हिरवी म्हणान वहीत लायलंय. डक्ट सुकवलंय नाय. माज्या माटवीक कवंडळां व्हयी होती म्हणान."

जोडलेले हात एकेक करून खाली आले.

"व्हय म्हाराजा!" लवू एकटाच जोराने म्हणाला. त्याला ऐकू आलं नव्हतं, फक्त भिकाजी थांबलेला दिसला होता.

"त्या चेडवाचा गणित बरोबर होता," भिकाजी म्हणाला. "सगळ्यांनी तेका चुकीचा ठरवल्यानी आणि मिया बघीत रवलंय."

"व्हय म्हाराजा!" लवू.

शेजारच्याने लवूचा हात दाबला. भिकाजीने खिशातून लाल पट्टी काढून केळीच्या पानावर हातोडीशेजारी ठेवली. नारळ त्याच्या हातात तसाच राहिला होता. तो कोणाला द्यावा ते त्याला कळेना, आणि घ्यायला कोणी पुढे येईना.

कौस्तुभसाहेब काही बोलणार होते. पण नम्रता गर्दीतून पुढे आली, तिने पानावरची पट्टी उचलली आणि सरळ प्रयोगशाळेत गेली. दोन मिनिटांनी ती रजिस्टर आणि गोंदाची बाटली घेऊन परतली. चवथीच्या आदल्या दिवसाचं पान उघडून तिने ते भट्टीजवळच्या टेबलावर ठेवलं. हिरव्या पट्टीला हात लावला नाही. तिच्या शेजारी लाल पट्टी चिकटवली, अंगठ्याने दाबून धरली, आजची तारीख घातली. सगळं सावकाश आणि नीट, तिच्या नेहमीच्या पद्धतीने. साहेबांनी पानावर वाकून बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिची नोकरी टिकणार हे त्या मान घालण्यातच सगळ्यांना कळलं.

भिकाजी टेबलापाशी आला. बाय, असं म्हणावं, एवढं तरी म्हणावं, म्हणून त्याने तोंड उघडलं.

नम्रताने पेन त्याच्यापुढे धरलं. चार वर्षांत ती त्याला काका सोडून दुसरं काही म्हणाली नव्हती.

"इथे सही करा, धुरी," ती म्हणाली.

भिकाजीने नारळ काखेत धरला आणि सही केली.